स्टेपनीत हवा आहे का?

स्टेपनी हा शब्द इंग्रजी आहे अशी आपली समजूत असते, आणि इंग्रजांना तो माहीत नसतो. माझी मामेबहीण लग्नानंतर लेस्टरला गेली. तिकडे एकदा भाड्याच्या गाडीचं चाक बसलं, तेव्हा तिने मदतीच्या नंबरावर फोन लावून सांगितलं की गाडीत स्टेपनी नाहीये. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग त्या माणसाने काळजीने विचारलं, "म्हणजे तुमच्याबरोबर गाडीत आणखी कुणी होतं का?" हा किस्सा ती दर भारतवारीत सांगते आणि दर वेळी त्यात थोडी भर पडते. मागच्या खेपेला तो माणूस पोलिसांना फोन करण्याच्या बेतात होता.

लंडनमध्ये स्टेपनी नावाचा भाग आहे, पण आपली स्टेपनी तिथली नाही. ती वेल्समधली. दक्षिण वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. (या नावातला 'ल' देवनागरीत लिहिता येत नाही. जीभ टाळूला टेकवून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची असते. ट्यूबमधून हवा जाताना येतो तसा आवाज येतो. हा योगायोग मला फार आवडतो.) कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यासाठी हे गाव एवढं प्रसिद्ध होतं की त्याला 'टिनोपोलिस' म्हणत. स्टेपनी हे तिथल्या जमीनदार घराण्याचं नाव, त्यावरून एका रस्त्याला स्टेपनी स्ट्रीट म्हणत, आणि त्या रस्त्यावरच्या थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये मोटारीच्या जादा चाकाची युक्ती काढली. दोन वर्षांत कंपनी उभी राहिली. १९०९ पर्यंत लंडनच्या सगळ्या टॅक्सींना आमचंच चाक आहे, असा तिचा दावा होता. नाव दिलं रस्त्याचं. म्हणजे कुणी पुण्यात शनिपारावर दुकान थाटून काही बनवावं आणि शंभर वर्षांनी ब्राझीलमध्ये त्या वस्तूला शनिपार म्हणावं, तसला हा प्रकार. ब्राझीलचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. तिथल्या पोर्तुगीजमध्ये जादा चाकाला आजही 'एस्तेपे' म्हणतात. माल्टात स्टेपनी, बांगलादेशात स्टेपनी, आपल्याकडे काश्मीर ते कन्याकुमारी स्टेपनी. जिथून निघाली तिथे मात्र कुणी ओळखत नाही.

आणि आपण ती ठेवतो कुठे? डिकीत. डिकी म्हणजे जुन्या मोटारींच्या पाठीमागे उघडणारी, उघड्यावरची बैठक. मोटारी बदलल्या, बैठक गेली, साहेब सामानाच्या जागेला 'बूट' म्हणू लागला. आपण डिकीलाच धरून राहिलो. इंग्रजांनी टाकून दिलेला एक शब्द आपण इंग्रजांनीच टाकून दिलेल्या दुसऱ्या शब्दात सांभाळून ठेवला आहे.

पण मला डेव्हिस बंधूंच्या चाकाबद्दल सांगायचं आहे, कारण ते आजच्या स्टेपनीसारखं नव्हतं. त्या काळच्या मोटारींची चाकं सहसा लाकडी आऱ्यांची असत, आणि ती रस्त्यात काढता येण्यासारखी नसत. रस्ते घोड्यांचे. घोड्यांच्या नालांचे खिळे जागोजागी पडलेले. चाक बसलं की रस्त्याच्या कडेला गुडघे टेकायचे, टॉमीने टायर रिमवरून उचकटायचा, ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा सगळं आत कोंबायचं आणि हातपंपाने हवा मारायची. पाऊस असला तरी हेच.

डेव्हिस बंधूंनी काय केलं, तर एक नुसती रिम बनवली. तिला आरे नाहीत, तुंबा नाही. तिच्यावर हवा भरलेला टायर चढवून ठेवलेला. चाक बसलं की ही रिम त्या बसलेल्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला क्लॅम्पनी आवळायची आणि निघायचं. मूळ चाक काढायचंच नाही. ते तिथेच, आपल्या जागेवर, आपल्या आसाला धरून फिरत राहणार. भार मात्र शेजारची उचलणार. पहिली स्टेपनी कुणाला हटवून त्याच्या जागी बसली नव्हती. ती बसलेल्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहत होती.

हे फार वर्षं टिकलं नाही. १९०८ च्या सुमारास रज-व्हिटवर्थसारख्या कंपन्यांनी मधलं एक नट सोडवून अख्खं चाकच काढता येईल अशी तारांच्या आऱ्यांची चाकं आणली. मग गाडीबरोबर पाचवं अख्खं चाक देण्याची पद्धत पडली आणि डेव्हिस बंधूंच्या रिमची गरज संपली. तोवर नाव मात्र जगभर पोचलं होतं, ते या नव्या पाचव्या चाकाला चिकटलं.

मोटारीतून आपल्या बोलण्यात खूप काही आलं आहे. कुणाला ब्रेक लागतो, कुणी पंक्चर होतो, कुणी ऐन वेळी रिव्हर्स घेतो, कुणी जन्माचा धक्कास्टार्ट असतो. हे शब्द सगळे निरुपद्रवी. त्या माणसाला सांगितले तरी तो हसेल. स्टेपनी मात्र पाठीमागे बोलायचा शब्द आहे. 'त्याची स्टेपनी' म्हटलं की ऐकणारा आधी आजूबाजूला बघतो.

घरची सोडून बाहेर ठेवलेली बाई या अर्थाने हा शब्द नेमका कधी रुळला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, लिहून ठेवण्यासारखी ती गोष्टही नव्हे. पण तो मराठीत इतका सहज का बसला, हे मला उमगल्यासारखं वाटतं. आपल्याकडे जागा तयारच होती. नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाकं, हे वाक्य लग्नाच्या प्रत्येक मंगल प्रसंगी कुणी तरी वडीलधारं माणूस बोलतंच. एकदा घराला रथ आणि माणसांना चाकं म्हणून ठेवलं, की जास्तीच्या माणसाला काय म्हणायचं याचं उत्तर गॅरेजमधून येणारच होतं. गंभीर रूपकाचं पुढचं पान टवाळांनी लिहिलं.

त्याआधी काय म्हणत? पेशवाईत नाटकशाळा म्हणत. पुढे अंगवस्त्र म्हणत. अंगवस्त्र हा शब्द मी शाळकरी वयात पहिल्यांदा आजीच्या तोंडून ऐकला आणि कितीतरी दिवस मला वाटत होतं की अमक्या इनामदारांना उपरण्यांचा शौक होता. नाटकशाळा ही वास्तू, अंगवस्त्र हे कापड, स्टेपनी हे रबर. दर पिढीने आपापल्या काळातली मिरवायची वस्तू उचलली आणि बाईला चिकटवली. इनामदाराच्या खांद्यावर जसं उपरणं तसं मोटारवाल्याच्या गाडीच्या पाठीवर जादा चाक. आणि ज्याचं उपरणं, ज्याची गाडी, त्याच्यासाठी शब्द काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. हल्ली कॉलेजातल्या मुली मुलांना बेधडक स्टेपनी म्हणतात, त्याच्याशी काही ठरलेलं नाही, हातात असू दे म्हणून ठेवलाय, या अर्थाने. ऐकून मला आधी बरं वाटलं. मग त्या मुलाचा चेहरा बघितला आणि तेवढं वाटलं नाही.

रथाचंच बोलायचं तर आपल्या कीर्तनकारांकडे एक जादा चाकाची गोष्ट आहे आणि ती कुणी या अंगाने सांगत नाही. देव-दानवांच्या लढाईत दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली, तेव्हा शेजारी बसलेल्या कैकेयीने तिथे आपलं बोट घातलं आणि रथ चालू ठेवला. (वाल्मीकींकडे प्रसंग वेगळा आहे; तिथे ती जखमी राजाला रणातून बाहेर काढते. पण लोकांच्या डोक्यात बोटच पक्कं बसलं आहे.) त्याबद्दल दोन वर मिळाले. तिने ते लगेच घेतले नाहीत, राखून ठेवले. पुढे ते मागितल्यावर अयोध्येत जे झालं ते झालं, आणि ती कायमची वाईट ठरली. मागितलं ते वाईटच होतं. पण चाक निसटत असताना बोट कुणाचं होतं, ही आठवण त्या दिवशी राजवाड्यात तिच्याखेरीज कुणालाच राहिली नव्हती, हे मला विसरता येत नाही.

इंग्रजांकडे हे रूपक दुसऱ्याच दिशेला गेलं. त्यांचा 'स्पेअर टायर' म्हणजे कमरेभोवती साचलेली चरबी. तेही आपण घेतलं आहे. चाळिशीतला माणूस पोटावरून हात फिरवत "टायर आलाय" म्हणतो. आणि नको असलेल्या माणसाला ते पाचवं चाक म्हणतात. हा वाक्प्रचार मोटारीच्या कितीतरी आधीचा, बग्ग्यांच्या काळचा. जर्मनांकडे तर आणखी जुना. मला यातलं मधलं अंतर मौजेचं वाटतं. लाकडाचं, लोखंडी धावेचं चाक पंक्चर होत नाही, म्हणून चार चाकांच्या गाडीला पाचवं चाक म्हणजे निव्वळ अडगळ. मग हवेचा टायर आला. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने त्याचं पेटंट १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते वाया गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी तो पुन्हा शोधला आणि जग मऊ चालू लागलं. मऊ चालणारं चाक केव्हाही दगा देणार, आणि मग कालपर्यंत अडगळ असलेलं पाचवं चाक एकाएकी गरजेचं झालं. पाचव्या चाकाने स्वतः काहीच केलं नव्हतं. बाकीची चार नाजूक झाली होती.

आमच्याकडे चेतक होती. ज्यांनी नोंदणी करून वर्षानुवर्षं स्कूटरची वाट बघितली त्या पिढीतले बाबा. त्यांचं स्कूटरवरचं प्रेम आमच्यावरच्या प्रेमापेक्षा उघड होतं. चेतक ही बजाजची, पण घराणं व्हेस्पाचं, आणि व्हेस्पा काढणारा कोरादिनो दास्कानियो हा विमानांचा इंजिनिअर. त्याला मोटरसायकली आवडत नसत, आणि न आवडण्याच्या कारणांत त्यांची चाकं बदलण्याची कटकट हेही एक होतं. म्हणून १९४६ च्या त्याच्या स्कूटरचं पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं आहे. नट सोडवा, चाक बाहेर. चेतकला पुढचं, मागचं आणि पाठीवर लटकवलेलं, अशी तिन्ही चाकं एकाच मापाची, दहा इंची. कुठलंही कुठेही बसे.

बाबा अधूनमधून रविवारी ही चाकं फिरवत. मागचं जास्त झिजतं, ते काढून पाठीवर टांगायचं, पाठीवरचं पुढे लावायचं, पुढचं मागे. मी नट धरून उभी असे. फडक्याने हात पुसत बाबा स्कूटर स्टँडवरून उतरवत तेव्हा कालची स्टेपनी कुठली हे कुणालाही सांगता आलं नसतं. त्यांनाही नसतं आलं. मग पाठीवरच्या चाकावर रेक्झिनचं कव्हर चढे, त्यावर दुकानदाराचं नाव आणि एक गुलाबाचं फूल. तेवढं कव्हर चढलं की ते चाक स्टेपनी व्हायचं. चाकांमध्ये स्टेपनी नावाची जातच नव्हती. टांगायची एक जागा होती, आणि आळीपाळीने सगळी चाकं तिथे जाऊन येत.

हे मला तेव्हा समजलं असं नाही. फार पुढे समजलं, एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये.

मी तिथे घड्याळी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत पूर्णवेळ जागा भरल्या जात नाहीत, तोवर वर्ग उघडे पडू नयेत म्हणून तासाच्या हिशोबाने माणसं नेमतात. आम्हाला सीएचबी म्हणतात, म्हणजे क्लॉक अवर बेसिस. तास घेतला तर पैसे. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, उन्हाळ्यात कॉलेज नाही म्हणून नेमणूकच नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज. शिक्षण तेच, पुष्कळांची नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली. मुलांना फरक कळत नाही; त्यांच्या लेखी सगळ्याच मॅडम. मस्टर मात्र वेगळं असतं. आमच्याकडे कायम माणसांचं मस्टर खाकी पुठ्ठ्याचं होतं आणि आमचं शाळेच्या वहीसारखं, दोनरेघी.

कॉलेजांचा दर्जा ठरवणारी नॅकची समिती येणार होती. फायली आम्हीच केल्या होत्या, रात्री घरी नेऊन. त्याच्या आदल्या दिवशी बाहेरून कुणी पाहुणे आले तेव्हा आमचे एक वरिष्ठ सर ओळख करून देत म्हणाले, "ह्या आमच्या स्टेपनी मॅडम. कुणीही पंक्चर झालं की यांना लावायचं."

सगळे हसले. मीही हसले. सरांच्या मनात काही वावगं नव्हतं. मला अजूनही वाटतं की त्यांना कौतुकच करायचं होतं. पण माझ्या समोर बसलेल्या दोन बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली, आणि या शब्दाची खरी धार तिथे कळली. याला दोन अर्थ आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी आक्षेप घेतला असता तर पहिला अर्थ पुढे आला असता: अहो मॅडम, गाडीचं चाक म्हणालो, तुमच्या मनात काय आलं? आणि आक्षेप नाही घेतला तर दुसरा अर्थ हवेत तसाच राहणार. बोलणाऱ्याला दोन्ही अर्थ फुकट, ऐकणारीला दोन्हींची किंमत. नंतर तो शब्द त्या कॉलेजात आम्हा सगळ्याच तासिकावाल्यांना चिकटला. पुरुषांना म्हणताना लोक मोठ्याने हसत, बायकांना म्हणताना जरा कमी.

आमच्या घरात हा अनुभव मात्र नवा नव्हता, शब्द फक्त नवा होता. बाबांचे थोरले भाऊ, आमचे आबाकाका, लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर उभा राहणारा. पाळी सुरू होण्याआधी गेटवर जायचं, नाव घेतलं तर आत, नाही तर घरी. कुणाला आत घ्यायचं हे पूर्वी जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चाले आणि ती मर्जी राखायला पैसे लागत. ती खाबूगिरी मोडायची म्हणून १९३५ मध्ये मुंबईत मालकांनी बदली कामगारांना कार्डं द्यायची पद्धत आणली. कार्ड आलं, गेटवरचं उभं राहणं राहिलंच. काका सांगत, गेटवर उभं असताना मनात दुसऱ्याच्या आजारपणाची वाट बघितली जाते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. ते वाईट माणूस नव्हते. पण पाऊस लागला, तापाची साथ आली की काकूला जरा हायसं वाटे, हे काकूनेच मला पुढे सांगितलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. संपाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कायम आणि बदली हा भेद त्या संपाने मिटवला खरा: दोघांच्याही गिरण्या गेल्या.

काकांच्या तोंडी बदली हा शब्द कधी अपमानाचा नव्हता. "मी बदलीवर होतो" असं ते सरळ सांगत. बदली या शब्दात निदान काम आहे. दुसऱ्याचं काम मी केलं, एवढं तो शब्द कबूल करतो. स्टेपनीत काम दिसत नाही, फक्त टांगलेपण दिसतं.

टांगलेल्या माणसांनी काम केल्याचा आपल्या डोळ्यांदेखतचा मोठा पुरावा म्हणजे २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला ३६ धावांत आपला डाव संपला, कोहली बाळंतपणाच्या रजेवर परतला आणि एकेक करून शमी, उमेश, जडेजा, विहारी, अश्विन, बुमरा सगळे बसले. ब्रिस्बेनला उतरलेल्या गोलंदाजांत नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर हे दोघे दौऱ्यावर मागे ठेवलेले होते ते नेटमध्ये चेंडू टाकायला. पालघरच्या शार्दूल ठाकूरने त्याआधीच्या एकमेव कसोटीत दहा चेंडू टाकून दुखापतीने मैदान सोडलेलं. पहिल्या डावात १८६ वर सहा गेले असताना ठाकूर आणि सुंदर यांनी १२३ धावा जोडल्या. १९ जानेवारीला ३२८ चं लक्ष्य गाठून आपण जिंकलो, जिथे १९८८ पासून ऑस्ट्रेलिया हरली नव्हती त्या मैदानावर. आमच्या सोसायटीत लोकांनी ऑफिसच्या मीटिंगा म्यूट करून आरडाओरडा केला.

आणि कप्तान होता अजिंक्य रहाणे, तोही बदलीच. कोहली नसताना मिळून सहा कसोटींत त्याने नेतृत्व केलं. चार जिंकल्या, दोन अनिर्णित, हरली एकही नाही. कोहली परत आला, रहाणे पुन्हा उपकप्तान झाला, आणि पुढे कप्तानपद रिकामं झालं तेव्हा त्याचं नावही कुणी गंभीरपणे घेतलं नाही. फलंदाज म्हणून त्याचा सूर हरवला होता, हे खरं कारण आहे आणि ते मला मान्य आहे. तरी तो सहा सामन्यांचा तक्ता बघितला की मला बाबांच्या रविवारची आठवण येते. फिरवाफिरवीची पद्धत असती, तर हे चाक पाठीवर गेलं नसतं असं मी म्हणत नाही, पण आळीपाळी म्हणून गेलं असतं.

मी परवा गाडी बघायला शोरूमला गेले होते. विकणारा मुलगा चुणचुणीत होता. चार चाकं अलॉयची, सोळा इंची, चकचकीत. मी डिकी उघडायला लावली. गालिच्याखाली स्टेपनी होती: पंधरा इंची, काळी लोखंडी रिम, अरुंद टायर, वर पिवळा स्टिकर. तात्पुरत्या वापरासाठी, ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालवू नये.

"ही लहान का?"

"मॅडम, हिला फक्त गॅरेजपर्यंत जायचंय."

त्याचंही बरोबर आहे. वजन वाचतं, पैसे वाचतात, जागा वाचते, आणि रोज लागत नाही त्या वस्तूवर कंपनीने खर्च का करावा? पण चेतकच्या तीन सारख्या चाकांपासून आपण इथवर आलो आहोत. आता स्टेपनी कुठे टांगली आहे यावरून ठरत नाही, ती बनवतानाच कमी बनवतात आणि कमी असल्याची चिठ्ठी अंगावर चिकटवून देतात. हिला कुणी रविवारी पुढच्या चाकाच्या जागी लावणार नाही. लावून चालणारच नाही.

"आणि वरच्या मॉडेलला?" मी विचारलं.

वरच्या मॉडेलला स्टेपनीच नव्हती. जुलै २०२० मध्ये सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या, चालकासह नऊ माणसांच्या गाड्यांना जादा चाकाची सक्ती ठेवली नाही. किटमध्ये एक बाटली असते, तिच्यातला चिकट द्रव टायरमध्ये सोडायचा, आणि एक छोटा हवेचा पंप. खिळा गेला असेल तर काम भागतं. टायर बाजूने फाटला तर ती बाटली घेऊन घाटात उभं राहायचं. मी हे त्या मुलाला म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "तेव्हा आम्हाला फोन करायचा, मॅडम."

आमचा नेहमीचा पंक्चरवाला केरळचा आहे. हायवेवर असे खूप आहेत, सगळ्यांनाच आपण अण्णा म्हणतो. त्याला या नव्या किटचा राग आहे. त्या चिकट द्रवाने टायर आतून बरबटतो आणि साफ करता करता त्याचा अर्धा तास जातो. माझ्या जुन्या गाडीत तो चारही चाकांची हवा बघून झाली की न विचारता डिकी उघडतो. पहिल्यांदा त्याने स्टेपनीत गेज लावलं तेव्हा काटा जेमतेम हलला होता. "कधी भरली होती?" त्याने विचारलं. मला आठवेना. गाडी घेतल्यापासून कुणी बघितलंच नव्हतं. त्याने मान हलवली आणि सांगितलं, इथे येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांचं हेच असतं. स्टेपनी असते, हवा नसते. मग लोक तिला शिव्या देतात.

तासिकेची नोकरी मी सोडली त्याला आता बराच काळ झाला. आज मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते, महिन्याच्या महिन्याला पगार होतो, दिवाळीतही होतो. पण सवय जात नाही. वर्तमानपत्र उघडलं की नजर आधी त्याच चौकटींकडे जाते. यंदाच्याही जूनमध्ये त्या आल्या. विषय मराठी, पदे तीन, घड्याळी तासिका तत्त्वावर, निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात. नेट, सेट अथवा पीएचडी आवश्यक. उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे.